रवांडाचा आकडा सांगण्याआधी केनियाची कलमं वाचा

महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष, विधिमंडळातील गटनेते आणि खासदार-आमदार यांस,

स. न. वि. वि.

महिला आरक्षणावर बोलायची वेळ आली की आपल्या भाषणांत एक वाक्य हमखास येतं : ‘रवांडासारख्या चिमुकल्या देशाच्या संसदेत साठ टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत.’ वाक्य खरं आहे. जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात ८० पैकी ५१ स्त्रिया आहेत, म्हणजे ६३.८ टक्के. पण वाक्य तिथेच संपतं आणि टाळ्या पडतात. त्या ५१ जणी तिथवर कशा पोचल्या, त्यांना उमेदवारी कोणी दिली, निवडून आल्यावर त्यांच्या हाती काय आलं, आणि त्याच पूर्व आफ्रिकेतल्या केनियात राज्यघटनेत लिहून ठेवूनही हे का साधलं नाही, यातलं काहीच श्रोत्यांपर्यंत जात नाही. भारतात २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखणारी १०६ वी घटनादुरुस्ती संमत करताना तिला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट जोडली गेली. २०२४ ची लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा, दोन्ही निवडणुका त्या आरक्षणाविना झाल्या. तेव्हा आफ्रिकेचा दाखला द्यायचाच असेल, तर तो पूर्ण द्या.

सुरुवात केनियापासून करू, कारण आपलं दुखणं त्याच्याशी जास्त जुळतं.

केनियाची सध्याची राज्यघटना २७ ऑगस्ट २०१० रोजी अमलात आली. निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या कोणत्याही संस्थेत एकाच लिंगाचे सदस्य दोन-तृतीयांशाहून जास्त नसावेत, हे तत्त्व तिच्या कलम २७ मध्ये आहे आणि कलम ८१ मध्ये पुन्हा आहे. तत्त्व एकच, पण ते दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी उतरलं. काउंटी म्हणजे जिल्हा पातळीच्या सभागृहांसाठी कलम १७७ मध्ये रीतच लिहून दिली आहे : आधी वॉर्डांचे निकाल लावायचे, मग कोणत्या लिंगाचे सदस्य किती कमी पडले ते मोजायचं, आणि तेवढ्या जादा जागा पक्षांना मिळालेल्या वॉर्डांच्या प्रमाणात पक्षांच्या याद्यांमधून भरायच्या. २०१३ पासून हे हिशेबाने होत आलं आहे. राष्ट्रीय संसदेसाठी मात्र अशी रीत कुठेच लिहिलेली नाही. तिथे फक्त तत्त्व आहे, आणि ‘राज्यसंस्थेने त्यासाठी कायदे करावेत’ अशी आज्ञा.

आता नॅशनल असेंब्लीचा हिशेब मांडू. एकूण जागा ३४९ : मतदारसंघांच्या २९०, प्रत्येक काउंटीतून एक महिला प्रतिनिधी अशा ४७, आणि पक्षांनी नेमायच्या १२. दोन-तृतीयांशाचा नियम पाळायचा तर किमान ११७ स्त्रिया हव्यात. काउंटीच्या ४७ धरल्या, नेमलेल्या १२ पैकी साधारण सहा धरल्या, की उरतात ६४. या २९० खुल्या मतदारसंघांतून यायला हव्यात. २०१३ मध्ये तिथून १६ आल्या, २०१७ मध्ये २३, २०२२ मध्ये तीसच्या आसपास. या गतीने ६४ कधी येतील, याचं गणित आपण घरी करू शकता.

मग कोर्टकचेऱ्या. डिसेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सल्ला दिला की हे तत्त्व टप्प्याटप्प्याने अमलात आणावं, पण त्यासाठीचा कायदा २७ ऑगस्ट २०१५ पर्यंत व्हावा. सरन्यायाधीश विली मुटुंगा यांचं मत वेगळं होतं. ते अल्पमतात गेले. मुदत जवळ येताच संसदेने स्वतःलाच एक वर्ष वाढवून घेतलं. २०१६ मध्ये घटनादुरुस्तीचं विधेयक दोनदा मताला आलं. हवी होती २३३ मतं. पहिल्यांदा १९५ पडली, दुसऱ्यांदा १७८. मार्च २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ६० दिवसांची मुदत दिली. ती गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मतदान, १७४ मतं. विरोधात उभं राहून नाव खराब करून घेण्यापेक्षा त्या दिवशी सभागृहात न येणं सोयीचं असतं, आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागत असतील तर गैरहजेरी विरोधी मताइतकंच काम करते. हे तंत्र आपल्या सभागृहांना शिकवायला नको.

शेवटी २१ सप्टेंबर २०२० रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी कलम २६१ चा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांना लेखी सल्ला दिला की संसदेने आपलं घटनात्मक कर्तव्य पाळलेलं नाही, ती बरखास्त करा. तीन दिवसांत उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. संसदेने ऑगस्ट २०२२ पर्यंत आपली मुदत पूर्ण केली. म्हणजे घटना, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, सरन्यायाधीशांचा सल्ला, सगळं एका बाजूला असूनही ११७ हा आकडा गाठला गेला नाही.

विरोधकांच्या दलीलीही ऐकण्यासारख्या आहेत. जादा जागा भरल्या की पगार-भत्त्यांचा बोजा वाढतो, हे खरं. आणि त्या जागा पक्षश्रेष्ठी वाटणार, म्हणजे मैत्रिणी, नातेवाईक, देणगीदार यांची वर्णी लागणार, हेही काउंटी सभागृहांमध्ये लोकांनी पाहिलेलं आहे. पण हे दोन्ही आक्षेप नियमाच्या एका विशिष्ट रचनेवर आहेत. उमेदवारीच्या टप्प्यावरच पक्षांना बांधून घेतलं असतं तर एकही जागा वाढली नसती. तो पर्याय टेबलावर होता; निवडून आलेल्यांना तोच नको होता, कारण त्यात कोणाचा तरी हक्काचा मतदारसंघ जातो.

आपल्या घटनादुरुस्तीशी ताडून पाहा. केनियाने तत्त्व आणि तारीख दिली, रीत दिली नाही. आपण रीत दिली : एक-तृतीयांश मतदारसंघ राखीव, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही एक-तृतीयांश. तारीख मात्र दिली नाही. कलम ३३४अ ने ती जनगणना आणि पुनर्रचना या दोन गोष्टींवर टांगली आणि त्या दोहोंनाही कालमर्यादा घातली नाही. केनियातल्या याचिकाकर्त्यांना न्यायालयात जाऊन ‘मुदत उलटली’ एवढं तरी म्हणता आलं.

त्या ४७ काउंटी महिला प्रतिनिधींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण राखीव जागा मिळाली म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांसाठी ते उपयोगी आहे. नैरोबी काउंटीत १७ मतदारसंघ आहेत. तिथे १७ सर्वसाधारण खासदार, आणि त्या १७ मतदारसंघांच्या एकत्रित भूभागात मतं मागणारी एक महिला प्रतिनिधी. प्रचाराचा खर्च काही पट, भेटायला येणारे लोक काही पट, पण सभागृहात मत एकच. मतदारसंघाच्या खासदाराच्या हाताशी मतदारसंघ विकास निधी २००३ पासून होता. २०१३ मध्ये पहिल्यांदा निवडून आलेल्या महिला प्रतिनिधींकडे काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळा निधी २०१५ मध्ये उभा राहिला. तोवर लोकांनी त्यांना ‘फ्लॉवर गर्ल’ म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे समारंभात फुलं घेऊन उभ्या राहणाऱ्या मुली. हातात निधी नसलेल्या लोकप्रतिनिधीला मतदार कोणत्या नावाने हाक मारतात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

युगांडाने हीच जिल्हानिहाय पद्धत १९९५ च्या घटनेत स्वीकारली : प्रत्येक जिल्ह्यातून एक महिला खासदार. तिथे वेगळीच गंमत झाली. नवा जिल्हा केला की एक महिला खासदार आपोआप वाढते आणि सत्ताधारी पक्षाला वाटायला एक जागा मिळते. २०२१ च्या निवडणुकीपर्यंत अशा जागा १४६ झाल्या. त्या निवडणुकीत ३५३ खुल्या मतदारसंघांतून निवडून आलेल्या स्त्रिया मात्र दोन डझनही नव्हत्या. पक्षकार्यालयात सरळ सांगितलं जातं, ‘तुमची जागा तिकडे आहे, इकडे कशाला येता?’ राखीव जागा खालचा उंबरठा म्हणून आखल्या होत्या, त्या वरचा स्लॅब झाल्या. युगांडाच्या घटनाकारांना याची कल्पना असावी, कारण कलम ७८ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की दहा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी संसदेने या जागांचा फेरविचार करावा. आपल्या दुरुस्तीत १५ वर्षांची मुदत आहे, पण मधल्या काळात कोणी काय तपासायचं याचा शब्द नाही.

टांझानियाची पद्धत सर्वांत सोपी आणि पक्षांना सर्वांत प्रिय. मतदारसंघांखेरीज स्त्रियांसाठी ‘विशेष जागा’, किमान ३० टक्के, ज्या पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात; पाच टक्क्यांखालच्या पक्षाला काहीच नाही. २०२० मध्ये अशा ११३ जागा होत्या. यादी पक्ष करतो, क्रम पक्ष ठरवतो. विशेष जागेवरच्या खासदाराला मतदारसंघ नाही, म्हणून मतदारसंघ विकास निधीही नाही. पंतप्रधान मतदारसंघातून निवडून आलेल्या सदस्यांमधूनच नेमावा, असं घटना म्हणते; म्हणजे संसदेतल्या बहुतेक स्त्रियांना ते पद बंदच. आणि पक्षाचं सदस्यत्व गेलं की खासदारकी जाते. निदान कागदावर जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये चडेमा या विरोधी पक्षाच्या १९ स्त्रियांनी विशेष जागांवर शपथ घेतली. पक्ष म्हणाला, आम्ही ही नावं पाठवलेलीच नाहीत, आणि त्यांना काढून टाकलं. त्या मात्र खासदार राहिल्या. कोण खरं, या वादात इथे शिरायचं नाही. पण १९ खासदार नेमक्या कोणाच्या, पक्षाच्या, सभापतींच्या की मतदारांच्या, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर ‘मतदारांच्या’ असं कोणालाच देता येत नाही, तेव्हा दोष त्या बायकांचा नसतो.

आपली पंचायतींतली फिरत्या आरक्षणाची पद्धत आफ्रिकेतल्या एका देशाने उचलली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लेसोथोने २००५ च्या स्थानिक निवडणुकांत एक-तृतीयांशाच्या जवळपास प्रभाग फक्त स्त्रियांसाठी राखले आणि ते पुढे फिरवायचे ठरवले. राखीव प्रभागात अर्ज नाकारलेल्या एका पुरुष उमेदवाराने न्यायालयात धाव घेतली; अपील न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि आरक्षण टिकलं. निवडणुकीत स्त्रियांनी निम्म्याहून जास्त जागा जिंकल्या. तरीही पुढच्या २०११ च्या निवडणुकीपर्यंत फिरतं आरक्षण गेलं. त्याऐवजी पक्षांच्या मतांच्या प्रमाणात जादा महिला जागा आल्या. सोडतीने ज्यांचा प्रभाग गेला त्यांचा राग, आणि माझ्याच प्रभागात का, हा प्रश्न. महाराष्ट्रात दर निवडणुकीआधी सोडतीच्या दिवशी सभागृहात जे चेहरे दिसतात ते आठवा. फिरत्या आरक्षणाचा खरा तोटा पुरुषाला होत नाही, तो शेजारच्या प्रभागात जातो किंवा पत्नीला उभं करतो. तोटा होतो तो पाच वर्षं रस्ते, पाणी, शाळा शिकून तयार झालेल्या बाईला, जिची जागा नेमकी तयारी झाल्यावर ‘सर्वसाधारण’ होते आणि पक्ष तिला घरी बसवतो. १०६ व्या दुरुस्तीत राखीव जागा दर निवडणुकीला न फिरता पुढच्या पुनर्रचनेनंतर फिरतील, एवढं तरी शहाणपण आहे.

आता रवांडा. ८० जागांची फोड अशी : ५३ थेट निवडणुकीच्या, त्या पक्षांच्या बंद याद्यांवर (मत पक्षाला, नावं आणि क्रम पक्षाचाच) लढवल्या जातात, २४ स्त्रियांसाठी, २ युवकांसाठी, १ अपंग व्यक्तींसाठी. या २४ जागांना सार्वत्रिक मतदान नाही. स्थानिक परिषदांचे सदस्य आणि गावपातळीपासून वर रचलेल्या महिला परिषदांच्या समित्या त्या निवडतात, आणि उमेदवार पक्षाच्या चिन्हावर उभ्या राहत नाहीत. २००३ च्या घटनेने सर्व निर्णयसंस्थांत किमान ३० टक्क्यांची अट घातली. ८० पैकी २४ म्हणजे बरोबर ३० टक्के. उरलेल्या २७ जणी या चौकटीबाहेरून आल्या आहेत, मुख्यतः पक्षांच्या याद्यांमधून, आणि याद्यांमध्ये त्या वरच्या क्रमांकावर असल्यामुळे. २००३ मध्ये एकूण ३९ स्त्रिया होत्या, २००८ मध्ये ४५, २०१३ मध्ये ५१. राखीव जागा तितक्याच राहिल्या, वाढ झाली ती पक्षयाद्यांत. महिला परिषदेतून राखीव जागेवर आलेल्या काही जणींना पुढच्या वेळी पक्षयादीत घेतलं गेलं आणि त्यांच्या रिकाम्या राखीव जागी नवीन स्त्री आली. आफ्रिकेत शिडीसारखी चाललेली राखीव जागांची ही दुर्मीळ पद्धत.

पण हे ज्या देशात घडलं तिथे एकाच पक्षाची पकड आहे आणि २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे ९९ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले. श्रेष्ठींनी ठरवलं की यादी बदलते. तिथल्या संसदेतून सरकारला न विचारता पुढे आलेली विधेयकं कमी. २००८ चा लिंगाधारित हिंसाचारविरोधी कायदा हा ठळक अपवाद, तो महिला खासदारांनी गावोगावी चर्चा करून स्वतः मांडला. स्त्रियांना वारसाहक्क देणारा पायाभूत कायदा तर १९९९ चा आहे, राखीव जागा येण्याच्या चार वर्षं आधीचा. तेव्हा संसदेत स्त्रिया अल्पसंख्य होत्या, पण १९९६ पासून त्यांचा सर्वपक्षीय मंच होता आणि त्यांनी बाहेरच्या महिला संघटनांना बरोबर घेतलं होतं. त्या कायद्याच्या जोरावर पुढे २००९ ते २०१३ दरम्यान देशभरची जमीन मोजून एक कोटीहून जास्त तुकड्यांची नोंदणी झाली आणि नोंदणीकृत विवाहातल्या पती-पत्नी दोघांची नावं उताऱ्यावर आली. विवाहाची सरकारी नोंद नसलेल्या बायका मात्र बाहेर राहिल्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर पत्नीचं नाव चढवण्याच्या मोहिमा आखणाऱ्यांनी हा एक तपशील लिहून ठेवावा : कायद्याच्या लेखी ‘पत्नी’ कोण, हे आधी ठरवलं नाही तर सर्वांत गरजू बाई पहिल्याच रकान्यात गळते.

आणि उलटा दाखला. २००९ मध्ये, कनिष्ठ सभागृहात ४५ स्त्रिया असताना, रवांडात नवा कामगार कायदा आला. बाळंतपणाच्या बारा आठवड्यांच्या रजेत पूर्ण पगार फक्त पहिल्या सहा आठवड्यांना. पुढच्या सहा आठवड्यांना जेमतेम २० टक्के पगार. कारण मालकांवरचा बोजा. विमा योजनेतून त्या सहा आठवड्यांचीही भरपाई देणारा कायदा २०१६ मध्ये झाला. मधली सात वर्षं नोकरदार बायकांनी काढली. याउलट गांबियात ५८ जणांच्या संसदेत अवघ्या ५ स्त्रिया असताना, मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनावरची २०१५ ची बंदी उठवणारं विधेयक १५ जुलै २०२४ रोजी फेटाळलं गेलं. त्याच सभागृहाने चार महिन्यांपूर्वी तेच विधेयक ४२ विरुद्ध ४ मतांनी पुढे नेलं होतं. मधल्या काळात समितीसमोर डॉक्टर, धर्मगुरू आणि छेदन सोसलेल्या स्त्रिया यांच्या साक्षी झाल्या. यावरून ‘संख्येचं काय एवढं’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. सभागृहात पाचच स्त्रिया असल्यामुळे बंदी उठवणारं ते विधेयक तिथवर पोचू शकलं, असं आमचं मत आहे. पण समितीचं काम, साक्षी आणि बाहेरचा दबाव यांना पर्याय नाही, हे खरं.

सेनेगलचा २०१० चा समानता कायदा कागदावर सर्वांत कडक : निवडणुकीच्या प्रत्येक यादीत स्त्री-पुरुष एकाआड एक, नाहीतर यादीच बाद. २०१२ मध्ये १५० पैकी ६४ स्त्रिया आल्या. आधीच्या संसदेत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. मग पन्नास टक्के का नाहीत? कारण यादीत पहिलं नाव बहुतेकदा पुरुषाचं. तीन जागांच्या मतदारसंघात पुरुष-स्त्री-पुरुष म्हणजे दोनास एक. एका जागेच्या मतदारसंघात मूळ उमेदवार एका लिंगाचा आणि पर्यायी दुसऱ्या. पर्यायी म्हणून कोण, ते सांगायला नको. लहान पक्षांचा एकच माणूस निवडून येतो, तो यादीतला पहिला. कायदा अक्षरशः पाळला गेला आणि तरी सात-आठ टक्के गळती झाली. दक्षिण आफ्रिकेच्या पालिका कायद्यात याहून मऊ भाषा आहे, पक्षांनी निम्म्या स्त्रिया आणण्याचा ‘प्रयत्न करावा’ अशी. न केल्यास काहीच होत नाही, आणि वॉर्डांच्या जागांना तर तेही बंधन नाही.

याद्या आपल्याकडे नाहीत, मतदारसंघ आहेत. पण यादीतल्या वरच्या क्रमांकाची जागा आपल्याकडे ‘निवडून येण्याजोगा मतदारसंघ’ घेतो. म्हणून पहिली मागणी ही : महिला उमेदवार किती दिले हे सांगू नका, कुठे दिले ते सांगा. आपल्या पक्षाने मागच्या वेळी लढवलेले मतदारसंघ मताधिक्याच्या क्रमाने लावा; मोठ्या फरकाने जिंकलेला सर्वांत वर, मोठ्या फरकाने हरलेला सर्वांत खाली. यादीचे तीन समान भाग करा. प्रत्येक भागात किती स्त्रियांना तिकीट दिलं, ते प्रसिद्ध करा. बहुतेक पक्षांच्या बाबतीत खालच्या भागात गर्दी आणि वरच्या भागात एखाद-दुसरं नाव निघेल, आणि वरच्या भागातलं ते नाव दिवंगत आमदाराच्या पत्नीचं किंवा लेकीचं असेल. २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर २१ स्त्रिया निवडून आल्या. आरक्षण लागू झालं असतं तर किमान ९६ असत्या. या ७५ उमेदवार ऐन निवडणुकीत शोधायच्या ठरवल्यात, तर टांझानियासारख्या श्रेष्ठींच्या यादीतून येणार, हे उघड आहे.

त्या शोधायची जागाही आपल्याकडे आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. सोडतीत जागा गेली म्हणून घरी बसलेल्या माजी सरपंच, सभापती, नगरसेविका प्रत्येक तालुक्यात आहेत. ‘सरपंच पती’ हा रोगही आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी स्वतः ग्रामसभा चालवली, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा स्वतः वाचून सही केली, त्या कोण, हे तालुकाध्यक्षाला माहीत असतं. त्यांची नोंदवही पक्षाने आजच ठेवायला घ्यावी. रवांडातली शिडी हीच.

दुसरी गोष्ट पैशाची. इथे युगांडाकडून काहीतरी घेण्यासारखं आहे. २०१५ च्या सार्वजनिक वित्त कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी प्रस्तावाला लिंगसमानता आणि समन्याय यांचं प्रमाणपत्र लागतं. समान संधी आयोग गुण देतो. ५० टक्क्यांखाली गेलात तर नापास. प्रमाणपत्राविना तो प्रस्ताव संसदेत पुढे जायचा नाही, अशी रचना आहे. दोष काय? तपासणी होते ती योजनेच्या कागदाची, झालेल्या खर्चाची नव्हे. त्यामुळे योग्य शब्द पेरलेला मसुदा पास होतो आणि रक्कम वर्षअखेर दुसरीकडे वळते. भारतात केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून जेंडर बजेटचं, म्हणजे स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं, निवेदन असतं, पण त्यात नापास होण्याची सोयच नाही. राज्याने युगांडाची अट घ्यावी आणि तिला एक दुरुस्ती जोडावी : गुण मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चावर द्यायचे. उदाहरणार्थ, मुलींच्या वसतिगृहांसाठी मंजूर रकमेपैकी ३१ मार्चपर्यंत किती खर्ची पडली आणि किती परत गेली, एवढा एक रकाना पुरे. हा आकडा खात्याकडे असतोच.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत अडचणीची. १०६ वी दुरुस्ती राज्यसभेला आणि विधान परिषदांना लागू नाही. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्य निवडतात आणि १२ राज्यपाल नेमतात, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ सुचवतं. या ४२ जागांना ना जनगणना लागते, ना पुनर्रचना, ना प्रचाराचा खर्च. इथे कोण जाणार हे आपण, या पत्राचे वाचक, एका बैठकीत ठरवता. सेनेगलचा एकाआड एक हा नियम इथे आज लावता येतो, आणि सेनेगलची गळती टाळायची तर विषम संख्या असेल तेव्हा जास्तीची जागा एकदा स्त्रीला, पुढच्या खेपेला पुरुषाला, एवढं लिहून ठेवावं लागेल. दिल्लीने कायदा रखडवला असं जो पक्ष म्हणतो, आणि दिल्लीने ऐतिहासिक कायदा केला असं जो पक्ष म्हणतो, त्या दोघांच्याही हातात या जागा आहेत.

पत्राचं उत्तर देणार असाल तर भाषण नको, तीन आकडे पाठवा : मागच्या तीन द्वैवार्षिक निवडणुकांत विधान परिषदेसाठी आपल्या पक्षाने किती नावं दिली, त्यांत स्त्रिया किती, आणि त्यांपैकी स्थानिक संस्थेत आधी निवडून आलेल्या किती. पुढच्या निवडणुकीच्या उमेदवारी अर्जांच्या आधी हे उत्तर प्रसिद्ध झालं तर त्याचा उपयोग आहे; नंतर नाही.

कळावे,

आपले,
निवडणूक पद्धती आणि स्थानिक शासन यांचे काही मराठी अभ्यासक